मोराला हवंय विमानाचं तिकीट!

मुलांनो, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या शेजारी न्यूअर्क नावाचं शहर आहे. तिथल्या विमानतळावर जानेवारी २०१८ मध्ये एक बाई आल्या. बरोबर सामानाची ढकलगाडी, आणि त्या गाडीवर ऐटीत बसलेला एक मोर! चित्रातला नव्हे बरं का, अगदी खराखुरा, लांबलचक पिसाऱ्याचा. त्याचं नाव डेक्स्टर.

बाईंना त्याला घेऊन लॉस एंजेलिसला जायचं होतं. हा मोर मला मानसिक आधार देतो, त्याच्यासाठी मी वेगळं तिकीटसुद्धा काढलं आहे, असं त्यांचं म्हणणं. युनायटेड एअरलाइन्स ही विमान कंपनी म्हणाली, मोराचं वजन आणि आकार नियमात बसत नाही. आणि हे आम्ही आधी तीनदा सांगितलं होतं. झालं! आपल्या राष्ट्रीय पक्ष्याला विमानात काही जागा मिळाली नाही.

हसू आलं ना? त्या वेळी जगभरचे लोक हसले. पण या हसण्यामागे एक गंभीर भांडण होतं. विमानात प्राणी कुणी न्यावा, कोणता न्यावा आणि का न्यावा, यावर अमेरिकेत कितीतरी वर्षं वाद चालू होता. तो नीट समजून घ्यायचा, तर आधी एका वेगळ्याच प्राण्याला भेटायला हवं.

वाटाड्या कुत्रा

ज्यांना दिसत नाही अशा माणसांना रस्त्यातून नेणारे कुत्रे तुम्ही सिनेमात पाहिले असतील. अमेरिकेत असे कुत्रे तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ पासून काम करते आहे. तिची पिल्लं आधी स्वयंसेवक कुटुंबांच्या घरी वाढतात. या घरांत तुमच्या वयाची मुलंही असतात. वर्षभर जीव लावायचा, शिस्त शिकवायची आणि मग पिल्लू संस्थेला परत द्यायचं! सोपं नाही हं. त्यानंतर कुत्र्याचं खरं शिक्षण सुरू होतं. खड्डा चुकवायचा, पायरीपाशी थांबायचं, गर्दीत बिचकायचं नाही, कुणी बिस्किट दाखवलं तरी ढळायचं नाही.

आणि सगळ्यात अवघड धडा म्हणजे वेळ पडली तर मालकाचं न ऐकणं! मालक म्हणाला, ‘चल पुढे’, आणि समोरून मोटार येत असेल, तर हा कुत्रा जागचा हलत नाही. असा आज्ञाभंग केला तर शाबासकीच मिळते.

असे मदतनीस कुत्रे इतर कामंही करतात. कुणाला फिट येते, कुणाला युद्धातल्या आठवणींनी रात्री दचकून जाग येते. अशा माणसांचे कुत्रे त्यांना वेळेवर सावध करायला किंवा जागं करायला शिकलेले असतात.

अमेरिकेत १९८६ साली एक कायदा झाला. अपंगत्वामुळे कुणालाही विमान प्रवास नाकारायचा नाही, असं त्याने ठरवलं. म्हणून मदतनीस प्राण्यांना मालकाजवळ, तेही फुकट, बसू द्यायचं असा नियम आला.

नुसती सोबतसुद्धा औषध

आता दुसऱ्या प्रकारचे प्राणी बघू. यांना इंग्रजीत ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’ म्हणतात. आपण त्यांना ‘आधार-प्राणी’ म्हणू. यांना कसलंच खास शिक्षण नसतं. मांजर मांडीवर येऊन बसलं की जीव शांत होतो, एवढंच त्यांचं काम. तुमच्या घरी मांजर किंवा कुत्रा असेल, तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

काही माणसांची मनाची भीती इतकी मोठी असते, की विमानात पाय ठेवताच छाती धडधडते, श्वास कोंडतो. हा आजार आहे, नाटक नव्हे. बाहेरून दिसत मात्र नाही. अशा माणसांना मानसोपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं पत्र दाखवलं की आधार-प्राणी बरोबर नेता येत असे. त्याचेही पैसे पडत नसत.

इथेच मेख होती. घरचं साधं पाळीव कुत्रं न्यायचं, तर एका फेरीला शंभर डॉलरच्या वर भाडं. पत्र असलं की फुकट! मग काय, काही वेबसाइटनी धंदाच मांडला. चार प्रश्नांची उत्तरं द्या, पैसे भरा, पत्र तयार. शाळा बुडवायची म्हणून पोट दुखत नसताना डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणावं, त्यातलाच प्रकार.

अमेरिकन विमान कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा. २०१६ मध्ये सुमारे ४ लाख ८१ हजार आधार-प्राणी विमानात बसले. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, ७ लाख ५१ हजार! त्यात एक डॅनियल नावाचं बदकही होतं. २०१६ मध्ये लाल बूट आणि लंगोट घालून ते विमानात आलं आणि सहप्रवाशांचं लाडकं झालं. पण सगळेच काही डॅनियलइतके गुणी नव्हते. २०१४ मध्ये एका डुकराने विमानात घाण केली, तेव्हा त्याला मालकिणीसकट खाली उतरवावं लागलं. जून २०१७ मध्ये अटलांटा इथे विमानात बसलेल्या प्रवाशाच्या चेहऱ्याला शेजारच्याचं आधार-कुत्रं चावलं. चांगलीच जखम झाली. जानेवारी २०१८ मध्ये डेल्टा कंपनीने सांगितलं, की लोक टर्की, साप आणि कोळीसुद्धा आणू बघतात!

दोन्ही बाजू ऐका

या गोंधळाचा सर्वांत मोठा फटका कुणाला बसला असेल? खरे वाटाडे कुत्रे वापरणाऱ्या अंध प्रवाशांना. न शिकवलेलं कुत्रं अंगावर धावून आलं, तर शिकलेला कुत्राही घाबरतो. कधी कधी तो पुन्हा कामाला उभाच राहू शकत नाही. मग सगळी मेहनत पाण्यात, आणि मालकाचे ‘डोळे’ही गेले. शिवाय खोटी पत्रं इतकी वाढली, की खरा कुत्रा घेऊन आलेल्याकडेही लोक संशयाने बघू लागले.

दुसरी बाजूही खरीच होती. शिकवलेला कुत्रा मिळवणं म्हणजे मोठा खर्च आणि मोठी वाट बघणं. ज्याला ते जमत नाही आणि ज्याचा आजार दिसत नाही, त्याने काय करायचं? चार लबाडांमुळे त्याचं मांजर का काढून घ्यायचं?

सरकारने लोकांची मतं मागवली. १५ हजारांहून जास्त मतं आली. डिसेंबर २०२० मध्ये नवा नियम जाहीर झाला आणि ११ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. विमानाच्या नियमात मदतनीस प्राणी म्हणजे आता फक्त कुत्रा, तोही अपंग माणसाला मदत करायला शिकवलेला. मनाच्या आजारासाठी शिकवलेला कुत्रा आणि अंधांचा कुत्रा, दोघांना सारखाच मान. कंपनी त्यासाठी सरकारी फॉर्म मागू शकते, आणि त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. आधार-प्राण्यांना मात्र फुकट नेण्याची सक्ती कंपन्यांवर उरली नाही. त्यांना साध्या पाळीव प्राण्यासारखं भाडं भरून न्यायचं.

विमानं शांत झाली. पण ज्यांना मांजराची खरोखर गरज होती, त्यांची सवलतही गेली. खोटं पत्र घेणाऱ्याने शंभर-सव्वाशे डॉलर वाचवले. त्याची किंमत भरली ती एका तिसऱ्याच माणसाने. त्याने तर काहीच चूक केली नव्हती!

आपल्याकडे एसटीत अपंगांसाठी राखीव जागा असते. तिथे धडधाकट माणूस बसला, की दारात उभ्या असलेल्या माणसाचं जे होतं, तेच इथे झालं. सवलत विश्वासावर चालते. तो विश्वास मोडला, की नियम कडक होतो, आणि कडक नियमाला खरा आणि खोटा हा फरक नीट कळत नाही.

आता तुमची पाळी. समजा, तो नियम तुम्हाला करायचा असता, तर? लबाडाला रोखायचं आणि खऱ्या गरजूला दारही उघडं ठेवायचं, हे कसं जमवाल? रात्री जेवताना आई-बाबांना विचारा. बहुतेक घरात दोन पक्ष पडतील! तुमचं उत्तर पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवायला मात्र विसरू नका.