ब्लाउजपीस फिरवत ठेवू नका, पाऊच शिवा!

हळदीकुंकवाचे, ओटीचे, बारशाचे ब्लाउजपीस तुमच्याही कपाटात असतीलच. त्यातले निम्मे इतके पातळ असतात की ब्लाउज शिवायला मन धजत नाही. मग ते घडी न मोडता पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जातात. आमच्याकडचा एक हिरवा ब्लाउजपीस दोन वर्षांनी फिरून परत आमच्याच घरी आला. घडीच्या आत आईने पेनाने केलेली बारीक खूण होती, म्हणून ओळखू आला!

अशा कापडाचे छोटे पाऊच फार छान होतात. हिशोब करून बघा. साधारण ८० सेंमी लांब आणि ९० सेंमी रुंद ब्लाउजपीसमधून २३ बाय १५ सेंमीचे १८ तुकडे निघतात. एका पाऊचच्या बाहेरच्या बाजूला दोन आणि अस्तराला दोन तुकडे लागतात. म्हणजे एका ब्लाउजपीसमधून चार पाऊच, वर दोन तुकडे शिल्लक.

कापड निवडताना घाई नको

उरलेलं कापड फुकटचं असतं, म्हणून ते कसंही कापलं तरी चालतं, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं आणि ते महागात पडलं.

आईच्या लग्नातला शालू २८ वर्षं कपाटात जपून ठेवला होता. गेल्या वर्षी उघडला तर घड्यांवर रेशीम चिरलेलं. नेसण्याजोगा राहिला नव्हता. बऱ्याच विनवण्यांनंतर आईने त्यातला एक तुकडा मला दिला. मी उत्साहात मधल्या भागातून कापला, आत काहीही न लावता पाऊच शिवला आणि त्यात मोबाइलचा चार्जर कोंबला. दुसऱ्याच दिवशी शिलाईच्या कडेने कापड उसवलं. शिलाई जागेवर होती, कापडच फाटलं होतं. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून जुनी साडी कापण्याआधी ती खिडकीजवळ उजेडासमोर धरा. जिथे धागे विरळ दिसतील तो भाग सोडा. मग दोन्ही हातांनी आडवं आणि उभं हलकेच ताणून बघा. करकर आवाज आला किंवा धागे सरकले, तर त्या भागावर भार देऊ नका. काठ आणि पदर बहुतेक वेळा जास्त टिकलेले असतात. रेशमाच्या उलट बाजूला पातळ फ्युजिंग लावा. हे अस्तराच्या आणि शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतं आणि इस्त्रीने चिकटतं. इस्त्री मंद ठेवा, मध्ये सुती कापड घ्या. अस्तर मात्र नव्या, घट्ट सुती कापडाचंच हवं, कारण आतल्या वस्तूंचं वजन तेच पेलतं. सुती कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि पाऊच चुरगळल्यासारखा दिसतो.

तुम्ही पहिल्यांदाच शिवत असाल, तर आजीच्या साडीला हात लावू नका. ब्लाउजपीस किंवा खण घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा खण काठासकट छोट्या पाऊचवर इतका शोभतो की वेगळी सजावट लागत नाही.

चेनचा पाऊच

२३ सेंमीची, म्हणजे ९ इंची नायलॉनची चेन घ्या. धातूच्या चेनवरून शिवलं तर सुई मोडते. सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते, पातळ रेशमाला ११ नंबरची.

बाहेरचा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवा. त्याच्या लांब कडेवर चेन पालथी ठेवा आणि त्यावर अस्तराचा तुकडा, तोही पालथा. तिन्ही कडा जुळवून टाचण्या लावा आणि चेनच्या दातांपासून थोडं अंतर ठेवून टीप मारा. दोन्ही कापडं उलटवून कडेने एक टीप वरून मारली की अस्तर चेनमध्ये अडकत नाही. दुसऱ्या बाजूला हेच करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं : चेन अर्धी उघडा. हे विसरलात तर पाऊच चारी बाजूंनी शिवून होतो आणि सुलट करायला वाटच राहत नाही. मी दोनदा विसरले आहे.

मग बाहेरचे तुकडे समोरासमोर, अस्तराचे समोरासमोर ठेवून १ सेंमी आतून चारही बाजू शिवा. अस्तराच्या तळाशी चार बोटं जागा मोकळी सोडा. त्या फटीतून सगळं बाहेर ओढा, कोपरे पेन्सिलच्या बोथट टोकाने काढा आणि फट हाताने शिवून टाका. साधारण २१ बाय १३ सेंमीचा पाऊच तयार!

मशीन नसेल तरी अडत नाही. हाताने उलटी टीप घाला, धावदोरा नको, तो ओढ बसली की सैल होतो. चेनचा कंटाळा असेल तर बटवा शिवा. वर नेफा करून दोन बाजूंनी दोन नाड्या ओवल्या की झालं. संक्रांतीच्या वाणाला प्लास्टिकचे डबे देण्यापेक्षा हे बटवे कितीतरी बरे. फक्त डिसेंबरमध्येच सुरुवात करा, २५ बटवे एका रात्रीत होत नाहीत.

शालूचं पुढे काय झालं? दोन महिन्यांनी आईनेच तो पुन्हा काढला. माझ्या हातातली कात्री घेतली आणि पदराजवळचा काठ स्वतः कापला. या वेळी फ्युजिंग लावलं, आत जाड सुती अस्तर घातलं. त्या पाऊचमध्ये आता तिच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि सुट्टे पैसे असतात. बसमध्ये तिकीट काढताना ती तो जरा जास्तच वेळ हातात धरते.