पदवीधरांच्या सभागृहातून मध्य नाशिककडे : एका आमदारकीची पार्श्वभूमी

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभा निवडणुकीचे निकाल लागले आणि नाशिक मध्य मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाच्या प्रा. देवयानी फरांदे सलग तिसऱ्यांदा निवडून आल्या. नाशिक पूर्वमध्ये राहुल ढिकले आणि नाशिक पश्चिममध्ये सीमा हिरे यांनीही आपापल्या जागा राखल्या. शहराचे नाव धारण करणाऱ्या तिन्ही मतदारसंघांत २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग तीन निवडणुकांत एकाच पक्षाचे आमदार निवडून आले. मात्र ज्या मतदारसंघाने या पक्षाला उत्तर महाराष्ट्रात एकेकाळी प्रतिष्ठा मिळवून दिली, तो नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघ २००९ पासून त्याच्या हाती नाही. शहर जिंकले आणि पदवीधर गमावले, असे हे कोडे आहे. ते समजून घ्यायचे तर फरांदे घराण्यातील दोन पिढ्यांची वाटचाल पाहावी लागते.

प्राध्यापक सभापती

देवयानी फरांदे या प्रा. ना. स. फरांदे यांच्या स्नुषा. नाशिक विभागातील पदवीधरांचे प्रतिनिधी असलेले प्रा. फरांदे जुलै १९९८ मध्ये विधान परिषदेचे सभापती झाले. त्यांच्या आधी तब्बल बारा वर्षे हे आसन काँग्रेसचे जयंतराव टिळक यांच्याकडे होते. राज्यात त्या वेळी शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, सत्तांतर होऊन काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे आघाडी सरकार आले. तरीही प्रा. फरांदे जुलै २००४ पर्यंत सभापतिपदावर राहिले. विधानसभेबरोबर विधान परिषद विसर्जित होत नाही आणि सभापतींना दूर करायचे तर सभागृहाच्या बहुमताचा ठराव लागतो. त्यामुळे विरोधी पक्षाचा सभापती आणि सत्तारूढ आघाडी हे चित्र महाराष्ट्राने जवळपास पाच वर्षे पाहिले. विशेष म्हणजे याच काळात विधानसभेचे अध्यक्ष होते चोपड्याचे अरुणभाई गुजराथी. म्हणजे दोन्ही सभागृहांची सर्वोच्च आसने एकाच वेळी उत्तर महाराष्ट्राकडे होती.

प्राध्यापकाच्या पेशातील माणूस या पदापर्यंत पोहोचला, यामागे त्या काळच्या राजकारणाची रचना होती. उत्तर महाराष्ट्रात, विशेषतः नगर जिल्ह्यात, सत्तेचा रस्ता साखर कारखाना, जिल्हा बँक आणि बाजार समिती यांतून जात असे. प्रवरेचा सहकारी कारखाना याच भूमीत १९५० च्या सुमारास उभा राहिला. या साऱ्या व्यवस्थेवर काँग्रेसची पकड होती. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या जनसंघाकडे आणि १९८० पासून भाजपकडे ना कारखाने होते, ना बँका. त्यांच्याकडे होते ते शिक्षक, वकील, डॉक्टर आणि संघाच्या शाखेतून आलेले कार्यकर्ते. अशा पक्षाला पदवीधर मतदारसंघ हे सहज उघडणारे दार होते.

नाशिक शहरातही हेच घडले. व्यवसायाने डॉक्टर असलेले दौलतराव आहेर १९८९ मध्ये भाजपतर्फे नाशिकचे खासदार झाले आणि १९९५ च्या युती सरकारात राज्याचे आरोग्यमंत्री. त्याच सरकारच्या काळात, १९९८ मध्ये, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला सुरू झाले. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा शाखांच्या राज्यभरातील महाविद्यालयांसाठी ते एकच विद्यापीठ ठरले.

पदवीधर मतदारसंघ म्हणजे काय?

राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानुसार विधान परिषदेतील सुमारे एक द्वादशांश सदस्य पदवीधरांनी निवडायचे असतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा ७ जागा आहेत; तितक्याच शिक्षकांच्या. नाशिक विभागाचा मतदारसंघ नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांत, ५४ तालुक्यांत पसरलेला आहे. मतदार पदवीधर असावा लागतो. उमेदवाराला मात्र घटनेत तसे बंधन नाही. मतपत्रिकेवर उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम द्यायचा असतो.

या निवडणुकीचे खरे मर्म मतदानात नसून नोंदणीत आहे. विधानसभेची यादी कायम असते, तिच्यात फक्त भर पडते आणि वजावट होते. पदवीधरांची यादी प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी ते असेलच असे नाही. पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेल्या रहिवाशाने 'नमुना १८' हा अर्ज पुन्हा भरायचा असतो. ज्याच्याकडे अर्ज भरून घेणारी माणसे, त्याच्याकडे निवडणुकीचे निम्मे यश.

गमावलेले दार

प्रा. फरांदे यांच्यानंतर भाजपच्याच प्रताप सोनवणे यांनी या जागेचे प्रतिनिधित्व केले. २००९ मध्ये ते धुळ्यातून लोकसभेवर गेले आणि पोटनिवडणुकीत संगमनेरचे डॉ. सुधीर तांबे विजयी झाले. त्यानंतर ही जागा तांबे कुटुंबाकडेच आहे. २०२३ मध्ये काँग्रेसने डॉ. तांबे यांना उमेदवारी दिली. त्यांनी अर्जच भरला नाही, त्यांचे पुत्र सत्यजित तांबे अपक्ष उभे राहिले आणि सुमारे २९ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले. भाजपने त्या वेळी अधिकृत उमेदवारही दिला नव्हता.

याचा अर्थ पदवीधरांनी विचार बदलला, असा काढणे घाईचे होईल. पदवी ही एकेकाळी शहरी मध्यमवर्गाची ओळख होती. पुढे तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये निघाली आणि पदवीधर गावोगावी झाले. त्यांच्यापर्यंत नोंदणीचा अर्ज घेऊन पोहोचण्याचे सामर्थ्य शिक्षणसंस्था आणि सहकाराचे जाळे असणाऱ्यांकडे अधिक होते. एकेकाळी ज्या जाळ्याला वळसा घालण्यासाठी हे दार उपयोगी पडले, त्याच जाळ्याने ते ताब्यात घेतले.

महापालिकेची वाट

दुसऱ्या पिढीची वाट म्हणूनच निराळी आहे. देवयानी फरांदे विधानसभेत गेल्या त्या नाशिक महापालिकेतून. नगरसेविका, उपमहापौर, मग आमदार हा त्यांचा क्रम. २००८ च्या पुनर्रचनेत नाशिक शहराची विभागणी पूर्व, मध्य, पश्चिम अशी झाली. २००९ मध्ये या तिन्ही जागा महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने जिंकल्या होत्या. २०१४ मध्ये फरांदे यांनी मध्यमध्ये मनसेच्या वसंत गिते यांचा पराभव केला. २०१९ मध्ये काँग्रेसच्या डॉ. हेमलता पाटील यांचा. २०२४ मध्ये पुन्हा गिते यांचाच, परंतु या वेळी ते शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे उमेदवार होते. २०१९ चे सुमारे २८ हजारांचे मताधिक्य २०२४ मध्ये १८ हजारांच्या आसपास आले.

या मतदारसंघात जुन्या नाशिकचे वाडे आहेत, भद्रकालीचा बाजार आहे आणि कॉलेज रोडच्या सोसायट्याही आहेत. इथला मतदार आमदाराला सभागृहातील भाषणापेक्षा पाणी, रस्ते, वाहतूक आणि पोलीस बंदोबस्त यांवर तोलतो. सासऱ्यांना पाच जिल्ह्यांतील नोंदणीकृत पदवीधरांपुढे उत्तर द्यावे लागे. सुनेला ते गल्लीतल्या प्रत्येक घरापुढे द्यावे लागते. विचारधारा एकच असली तरी आमदारकीचे काम बदलते ते असे.

घराणेशाहीचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. या पक्षाने तो इतरांना सातत्याने विचारला आहे. दौलतराव आहेर यांचे पुत्र डॉ. राहुल आहेर हेही २०१४ पासून चांदवड-देवळ्याचे आमदार आहेत. महापालिकेतील काम आणि तीन विजय ही स्वतःची कमाई खरी. पण आडनावाने पहिले दार उघडायला मदत होते, हेही खरे. शिवाय २०१९ मध्ये राधाकृष्ण विखे पाटील यांच्यासारखे सहकारातील मातब्बर भाजपमध्ये आले. त्यानंतर डॉक्टर-प्राध्यापकांच्या त्या जुन्या वाटेची पक्षाला पूर्वीइतकी गरज उरली नाही.

गरज उरली आहे ती मतदारांना. परिषदेला विधेयक फार काळ अडवता येत नाही. साधे विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना, इतकाच विलंब ती करू शकते. अर्थविषयक विधेयकाला तर केवळ चौदा दिवस. तिचे मोल आहे ते निवडून येणाऱ्या माणसांच्या अभ्यासात. नाशिक पदवीधरची पुढची निवडणूक २०२९ च्या सुरुवातीस अपेक्षित आहे. त्यासाठीची यादी आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकावर नव्याने बनेल. भिंतीवर पदवी टांगलेल्या किती नाशिककरांचे नाव तिच्यात असेल, यावर त्या आसनावर पुन्हा एखादा प्राध्यापक बसणार की नाही, हे ठरेल.