बुद्धिबळाच्या पटावरील निर्णय

आपल्या मुलखाला चढाओढ नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि अलीकडून पांढुर्णेकर व पलीकडून सावरगावकर एकमेकांवर गोटे फेकू लागतात. त्या दिवशी विचार करण्यास कोणालाच उसंत नसते, आणि त्याचे फळ दवाखान्यात पाहावयास मिळते. आज आम्ही ज्या चढाओढीविषयी लिहिणार आहोत ती याच्या अगदी उलट आहे. तीत दोनच माणसे समोरासमोर बसतात, हात कमीत कमी हलतो, आणि जो अधिक चांगले निर्णय घेतो तो जिंकतो. ही चढाओढ म्हणजे बुद्धिबळ.

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत खेळावर लेख कशाला, असे काही वाचक म्हणतील. कारण असे की, संस्थेच्या वाचनालयात बुद्धिबळाचे पट ठेवावेत की नाहीत याविषयी पालकांत दोन मते आहेत. मुलांचा अभ्यास बुडतो, हा एक आक्षेप. आमच्या मुसलमान घरांतून आणखी एक जुना आक्षेप निघतो, तो धर्माचा. याबाबत शास्त्रकारांतच मतभेद आहेत. हनफी पंथाच्या पंडितांनी हा खेळ नापसंत केला. शाफी पंथाच्या पंडितांनी जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर त्यास सवलत दिली. पैज लावू नये आणि कर्तव्य चुकवू नये, एवढे तर सर्वांनाच मान्य व्हावे. या दोन अटी पाळून मुलगा किंवा मुलगी या पटावर नेमके काय शिकते, ते आधी समजून घ्यावे आणि मग मत द्यावे, एवढीच आमची विनंती.

हा खेळ परका नाही. भारतातील चतुरंग इराणात गेला, तेथून अरबांकडे जाऊन शतरंज झाला आणि पुढे युरोपात पसरला. परत येताना त्याने फारशी शब्द आणले, ते आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. वजीर, प्यादे, शह, मात हे सारे त्या घरचे. संकटावर मात केली असे म्हणताना आपण पटाचीच भाषा बोलत असतो.

आता निर्णयाकडे वळू. पहिली चाल करणाऱ्यास २० चाली उपलब्ध असतात. प्रतिपक्षालाही तितक्याच. म्हणजे दोघांची एकेक चाल होताच ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५० साली अंदाज बांधला की, एकूण संभाव्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी होईल. हा हिशेब पुरा करणे मनुष्याच्याने होणारे नाही. तेव्हा चांगला खेळाडू सर्व काही मोजतो, हा समज चुकीचा आहे. तो निवडतो.

हे कसे घडते याचा शोध हॉलंडातील मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रूट यांनी घेतला व १९४६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी निष्णात व सामान्य खेळाडूंपुढे एकच स्थिती मांडून त्यांना मोठ्याने विचार करावयास सांगितले. निष्णात खेळाडू फार अधिक चाली पुढचे मोजतात असे काही दिसले नाही. फरक एवढाच की, पाहण्याजोग्या मोजक्या चालींवरच त्यांची नजर जाई. पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. खऱ्या डावातील स्थिती काही क्षण दाखविली तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो. पण मोहरी कशीही विखरून ठेवली तर त्याची स्मरणशक्ती सामान्य माणसाइतकीच ठरते. तात्पर्य, ही जन्मजात देणगी नसून सरावाने आलेली ओळख आहे. जी गोष्ट सरावाने येते ती शिकविता येते.

शिकविण्याची पहिली पायरी म्हणजे एक प्रश्न: समोरच्याने ही चाल का केली? हा धडा आम्ही आठवीतील एका विद्यार्थिनीकडून शिकलो, ते सांगावयास आम्हांस संकोच नाही. मधल्या सुट्टीत ती आमच्याशी खेळत होती. आमच्या उंटाने तिचा घोडा असा अडकविला होता की, तो हलला तर मागचा वजीर मारला जावा. तरी तिने घोडा उचलला आणि आमचे प्यादे मारले. वजीर उघडा पडला. आम्ही आनंदाने तो मारला. तिने उंटाने शह दिला, आमचा राजा एक घर पुढे आला, दुसऱ्या घोड्याने मात! "सर, तुम्ही फक्त वजीर पाहिला," ती म्हणाली. अठराव्या शतकातील लेगाल नावाच्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने हा डाव प्रसिद्ध आहे. वजीर न मारता आम्ही साध्या प्याद्याने तो घोडा मारला असता, तर तिच्या वजिराने आमचा उंट मारला असता. हिशेबात आमचे एकच प्यादे गेले असते आणि डाव चालू राहिला असता. फुकट मिळणाऱ्या वस्तूपुढे क्षणभर थांबावे, हे आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितले होते. पटावर ते आम्हांला कळले.

दुसरी पायरी तुलनेची. मनात आलेली पहिलीच चाल करू नये. दोन-तीन चाली समोर ठेवाव्यात आणि प्रत्येकीला प्रतिपक्षाचे सर्वांत कठीण उत्तर काय, ते पाहावे. आपल्या सोयीचे उत्तर धरून हिशेब करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तोलण्यासाठी स्थूल मापे ठरलेली आहेत: प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९. परंतु ही मापे बाजारभावासारखी असतात. कोपऱ्यात कोंडलेला हत्ती पाचाचा राहत नाही, आणि शेवटच्या घराशी पोहोचलेले प्यादे वजिराची बरोबरी करू पाहते.

म्हणूनच कधी कधी जाणूनबुजून मोहरे द्यावे लागते. हे आपल्या संत्रा बागायतदारांस समजावून सांगण्याची गरज नाही. बहर धरण्यासाठी ते हिरवीगार बाग ताणावर सोडतात, पाणी तोडतात, पाने सुकलेली पाहतात. परक्याला वाटेल की हा माणूस आपली बाग मारतो आहे. पुढे फूल येते तेव्हा कारण कळते. पण तो ताण अंदाजाने देत नाहीत. हलक्या जमिनीस थोडा, भारी काळ्या जमिनीस अधिक; आंबिया बहरासाठी थंडीत, मृगासाठी उन्हाळ्यात. पटावरही तसेच. मोहरे दिल्याने नेमके काय मिळणार, राजापुढील वाट उघडणार की प्रतिपक्षाची मोहरी अडकणार, हे सांगता येत नसेल तर तो त्याग नव्हे, ती उधळपट्टी होय.

तिसरी पायरी म्हणजे आपण पुढे आहोत की मागे, हे ओळखणे. पुढे असलेल्याने मोहऱ्यांची अदलाबदल करून डाव सोपा करावा. पाच विरुद्ध चार यापेक्षा दोन विरुद्ध एक हे अंतर मोठे असते. मागे असलेल्याने उलट गुंतागुंत वाढवावी, म्हणजे प्रतिपक्षाला चुकण्यास जागा राहते. आणि जिंकत आलेल्या माणसाने सर्वांत अधिक जपावे. प्रतिपक्षाचा एकटा राजा उरला आहे, आपल्याजवळ वजीर आहे, आणि घाईत आपण अशी चाल केली की त्या राजाला शह तर नाही, पण हलावयास एकही घर नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. हाताशी आलेला विजय असा गमावून बसलेली मुले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. हरलेल्या मुलांपेक्षा ती अधिक रडतात.

आता घड्याळ. स्पर्धेत प्रत्येकाला ठरावीक वेळ असतो, आणि विचार करीत असता आपलेच घड्याळ चालते. म्हणून कोणत्या निर्णयाला किती वेळ द्यावा, हाही एक निर्णयच असतो. याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस आंध्रच्या कोनेरू हंपी. २००२ सालीच ग्रँडमास्टर झालेल्या आणि जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद २०१९ व २०२४ साली मिळविलेल्या. दुसऱ्या बाजूस नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी जलद डाव सुरू झाले: प्रत्येकीस १५ मिनिटे, आणि दर चालीस १० सेकंदांची भर. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती, म्हणजे पहिली चाल तिची नव्हती. डाव लांबला, हंपींचा वेळ संपत आला, त्या घाईत त्यांच्या हातून चूक झाली, आणि दिव्याने डाव जिंकला. त्या विजयाने तिला विश्वचषक मिळाला आणि ग्रँडमास्टर ही पदवीही. भारतातील ती ८८ वी ग्रँडमास्टर, स्त्रियांत चौथी. हंपींचे ज्ञान अथवा अनुभव कमी होता असे कोण म्हणेल? अखेरच्या काही मिनिटांत थंड डोक्याने निवड करणे कोणाला साधले, यावर निकाल लागला.

शेवटची पायरी डाव संपल्यावरची आहे. संथ गतीच्या स्पर्धेत खेळाडूस प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. हरलेला खेळाडू तो कागद घेऊन बसतो आणि आपण कोठे चुकलो ते शोधतो. पुष्कळदा जिंकणाराही त्याच्याजवळ बसून मदत करतो. आजकाल संगणक चुकीची चाल क्षणात दाखवितो. पण त्या वेळी ती चाल आपल्याला बरी का वाटली, हे संगणक सांगू शकत नाही. ते स्वतःलाच विचारावे लागते. चूक नशिबावर, पंचावर किंवा शिक्षकावर न ढकलता स्वतःच्या हस्ताक्षरात वाचण्याची ही सवय आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. गणिताच्या वहीतही हीच सवय उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आम्हांला मात देणारी ती मुलगी नववीनंतर पटाकडे फिरकली नाही. मोठ्या झालेल्या मुलीने स्पर्धांसाठी परगावी जाऊ नये, असे घरी ठरले. तिच्या वडिलांना भेटून बोलावे असे आमच्या मनात होते. परीक्षा होऊ द्या, रमजान होऊ द्या, असे म्हणत आम्ही ती भेट पुढे ढकलीत गेलो, आणि गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. वडील सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "गुरुजी, आपण आधी का आला नाहीत?" याचे उत्तर आम्हांजवळ नव्हते.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली आपला स्वतंत्र जिल्हा झाला. नागपूर येथून आगगाडीने अथवा मोटारीने दोन-तीन तासांच्या आत आहे. दिव्या ज्या शहरात वाढली तेथील स्पर्धा आपल्या मुलांना दूर नाहीत. संस्थेच्या चालकांस आमची सूचना एवढीच आहे की, वाचनालयात चार पट आणि दोन घड्याळे ठेवावीत. वेळ संध्याकाळी एक तास, परीक्षेच्या महिन्यात बंद. पैज लावणाऱ्याचा प्रवेश बंद. आणि आठवड्यातून दोन दिवस केवळ मुलींसाठी, त्यांच्या घरचे कोणी येऊन बसले तरी चालेल. खर्च फार नाही. बाकीचे पालकांच्या हाती आहे. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी एक दिवस वाचनालयात यावे, मुलांशेजारी बसावे, आणि चाल करण्यापूर्वी ती किती वेळ थांबतात ते पाहावे. त्यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला तो आम्हांस मान्य असेल.