जीपगाडीसाठी नव्या टायरची निवड

बैलगाडीच्या चाकाला धाव चढविताना लोहार प्रथम चाकाचा घेर मोजतो आणि मगच लोखंडी पट्टीला हात घालतो. माप चुकल्यास धाव सैल बसते किंवा चाक पिचते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. मोटारीच्या टायरबाबत मात्र एवढी दक्षता क्वचितच घेतली जाते. टायर झिजले म्हणजे दुकानात जो स्वस्त मिळेल, किंवा जो दिसावयास दणकट वाटेल, तो घेण्याकडे कल आढळतो. वास्तविक गाडीचा सर्व भार प्रत्येक टायरच्या सुमारे तळहाताएवढ्या भागावर टेकलेला असतो. वेग, वळण आणि ब्रेक या तिन्ही गोष्टी त्या चार तळहातांवर अवलंबून असतात. म्हणून टायरची निवड ही शोभेची बाब नसून गाडीतील माणसांच्या सुरक्षिततेची बाब आहे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली, त्या काळात विकास गटाची जीप ही गावात येणारी बहुधा एकमेव मोटार असे. आज स्पोर्ट युटिलिटी जातीच्या गाड्या अनेक शेतकरी कुटुंबांत आल्या असून त्यांनाही सर्रास जीप असेच म्हटले जाते. या लेखात जीपगाडी हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

दोन प्रकारचे रस्ते

धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडी हे गाव सोलापूर–तुळजापूर महामार्गावर आहे. येथील जीपगाडीला एकाच दिवसात दोन भिन्न परिस्थितींतून जावे लागते. सकाळी ती मळ्याच्या वाटेने, मुरूम, दगडगोटे आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तुडवीत जाते. दुपारी तीच गाडी तापलेल्या महामार्गावरून वेगाने सोलापूरच्या बाजारास निघते. याच मार्गाने कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरकडून हजारो भाविक तुळजापूरला पायी जातात. अशा वेळी रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसांचा जीवही गाडी किती अंतरात थांबते यावर अवलंबून असतो.

टायर निवडण्यापूर्वी गाडीचे महिन्याचे धावणे कोणत्या रस्त्यावर किती होते, याचा अंदाज घ्यावा. महामार्गावरील धावणे बहुतांशी असेल, तर बारीक व सलग खाचांचा महामार्गी टायर योग्य होय. तो तापतो कमी, आवाज कमी करतो, इंधन वाचवितो आणि ओल्या डांबरी रस्त्यावर पाणी बाजूस सारून चांगली पकड देतो. कच्च्या वाटेचा भाग निम्म्याच्या आसपास असेल, तर दोन्ही रस्त्यांस चालणारा मध्यम नक्षीचा टायर घ्यावा. मोठ्या ठोकळ्यांचा, खास चिखलासाठी बनविलेला टायर दिसावयास भारदस्त असतो. परंतु डांबरी रस्त्यावर तो लवकर झिजतो, इंधन अधिक खातो आणि पावसात ब्रेक लावल्यावर गाडी अधिक अंतरावर थांबते. वर्षातून थोडे दिवस लागणाऱ्या चिखलासाठी बारा महिने असा टायर वापरणे हितावह नाही.

टायरवरील अंकांचा अर्थ

टायरच्या बाजूवर त्याचे माप कोरलेले असते. उदाहरणार्थ, बोलेरो गाडीस वापरला जाणारा २१५/७५ आर १५ हा टायर घेऊ. यातील २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे. आर हे अक्षर रेडियल बांधणी दर्शविते आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. या हिशेबाने टायरचा एकूण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर येतो.

गाडी उंच दिसावी म्हणून त्याच रिमवर २३५/७५ मापाचा टायर चढविला, तर व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर, म्हणजे शेकडा चारांहून अधिक वाढतो. वेगमापक ८० किलोमीटर दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ८३ किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. शिवाय वळणावर टायर मडगार्डला घासण्याचा संभव असतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच माप घ्यावे.

मापापुढे एक अंक व एक अक्षर असते, उदाहरणार्थ १०० एस. यातील अंक भारक्षमतेचा असून खरेदीत त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. १०० या क्रमांकाचा टायर योग्य हवेवर ८०० किलोग्रॅम भार पेलतो. ९५ क्रमांकाचा टायर ६९० किलोग्रॅमच पेलतो. म्हणजे मागील दोन चाकांची मिळून क्षमता १,६०० वरून १,३८० किलोग्रॅमवर येते, आणि २२० किलोग्रॅमची तूट पडते. मागच्या भागात सोयाबीनची ५० किलोग्रॅमची पाच पोती ठेवली तरी तेवढे वजन होते. मूळ टायरपेक्षा कमी भारक्षमतेचा टायर केव्हाही घेऊ नये. मात्र क्षमता अधिक आहे म्हणून गाडीत ठरलेल्या मर्यादेपलीकडे माल किंवा माणसे भरण्याची मुभा मिळत नाही. अक्षर वेगमर्यादेचे असते: एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१० किलोमीटर. तेही मूळ अक्षराहून खालचे नसावे.

टायरचे वय

बाजूवर चार अंकांचा एक गट आढळतो. १४२५ असे अंक असतील, तर तो टायर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. रबर न वापरताही जुने होते. ऊन लागून ते कडक बनते व बाजूवर बारीक चिरा पडतात. म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदारासमक्ष तारीख वाचावी. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि खाचा शिल्लक असल्या तरी दहा वर्षांपलीकडे तो वापरू नये. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे. टायरवर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी. केंद्र सरकारच्या २००९ सालच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने मोटारींच्या टायरसाठी ते आवश्यक केले आहे. पूर्वेतिहास ठाऊक नसलेला वापरलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण आतील तुटलेले धागे बाहेरून दिसत नाहीत.

टायर केव्हा बदलावा

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकी गाडीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली, म्हणजे टायरचे आयुष्य संपले. ही कायद्याची शेवटची सीमा होय. खोली ३ मिलिमीटरवर आली, की पावसाळ्यापूर्वीच टायर बदलणे शहाणपणाचे ठरते. गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो आणि मग सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात.

नवा टायर घेण्यापूर्वी जुना टायर नीट पाहावा. मधला भाग अधिक झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडलेली आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर तपासावेत. हा दोष दूर केल्यावाचून नवे टायर बसविल्यास तेही अकाली झिजतात व पैसा वाया जातो.

शक्य असल्यास चारही टायर एकाच वेळी बदलावेत. चारचाकी चालनाच्या गाडीस तर चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे असणे अगत्याचे आहे. अन्य गाड्यांत दोनच घ्यावयाचे असतील, तर ती जोडी मागील चाकांना बसवावी. मागची पकड सुटली म्हणजे गाडी गर्रकन फिरते व चालकाच्या ताब्यात राहत नाही.

उन्हाळा आणि हवा

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, असा समज अनेक चालकांत आढळतो. तो चुकीचा आहे. हवा कमी असली म्हणजे टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते व उलगडते. या सततच्या वाकण्यानेच उष्णता निर्माण होते. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या उन्हात, भरलेली गाडी आणि वेग यांची भर पडली म्हणजे आतील थर सुटतात व टायर फुटतो. २०२३ साली समृद्धी महामार्गावर प्रवेश करणाऱ्या गाड्यांचे टायर परिवहन अधिकाऱ्यांनी तपासण्यास सुरुवात केली, त्यामागे हाच धोका होता.

हवा पहाटे किंवा सकाळी, गाडी धावण्यापूर्वी मोजावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले, की दाब सुमारे एका पौंडाने वाढतो. दुपारी वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये. किती पौंड हवा भरावी हे चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर लिहिलेले असते आणि पूर्ण भारासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या बाजूवरील आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरावयाचा नव्हे. चिखलातून निघण्यासाठी हवा थोडी कमी केली असेल, तर महामार्गावर येण्यापूर्वी ती पूर्ववत भरलीच पाहिजे.

ट्यूबलेस टायरमध्ये बाभळीचा काटा शिरला तरी हवा बहुधा हळूहळू निघते, त्यामुळे चालकास गाडी थांबविण्यास अवधी मिळतो. परंतु त्यास योग्य व न वाकलेले रिमच हवे. जमिनीस टेकणाऱ्या भागातील छिद्र दुरुस्त करता येते. बाजूस पडलेली चीर दुरुस्त करून टायर वापरणे धोक्याचे आहे.

कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी द्राक्षहंगामापूर्वी आणि पावसाळ्यापूर्वी गावातील गाड्यांचे टायर पाहण्याचा एक दिवस ठरवावा. हवेची मापी, खाचांची खोली मोजण्याची पट्टी आणि वही एवढे साहित्य त्यास पुरे होते. प्रत्येक टायरचे माप, भारक्षमता, वय, खाचांची खोली आणि सकाळची हवा अशा पाच नोंदी मालकास लिहून द्याव्यात. मळ्यावर कामास जाणाऱ्या मजूर भगिनी ज्या गाडीतून ये-जा करतात, ती गाडी प्रथम तपासावी. टायर कसा आहे हे पाहण्याची संधी त्यांना कोणी देत नाही, आणि तो फुटला तर झळ सर्वप्रथम त्यांनाच लागते.