‘अवशेष’ हा शब्द आणि रस्त्यांचे छायाचित्रण

एखाद्या वस्तीतील नेहमीचे रस्ते, चर्च आणि पब यांची छायाचित्रे जमविण्याचा उद्योग वरवर पाहता निव्वळ छंदाचा वाटतो. परंतु त्यांपैकी काय टिपावयाचे याचा निर्णय पुष्कळदा एखाद्या शब्दाने आधीच करून टाकलेला असतो. लंडनमधील एका मंडळाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

सेंट पॉलच्या कॅथीड्रलजवळ वॉरिक लेनमध्ये ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ नावाची, चौकाभोवती लाकडी सज्जे असलेली जुनी ‘इन’ होती. (‘इन’ला मराठीत धर्मशाळा म्हणावे तर तेथे मद्य मिळे, आणि गुत्ता म्हणावे तर तेथे मुक्कामाची सोय असे.) ती पाडली जाणार असे कळल्यावर 1875 मध्ये ॲल्फ्रेड मार्क्स यांच्या पुढाकाराने तिची छायाचित्रे घेण्यात आली आणि त्यातूनच ‘जुन्या लंडनच्या अवशेषांचे छायाचित्रण करणारी सोसायटी’ अस्तित्वात आली. आरंभीची चित्रे बूल बंधूंनी घेतली, नंतरची हेन्री डिक्सन यांनी. 1886 पर्यंत एकूण 120 चित्रे निघाली. मुद्रणासाठी कार्बन पद्धती निवडण्यात आली होती. रौप्यक्षारांवर आधारलेली तत्कालीन चित्रे कालांतराने फिकट होत. कार्बन पद्धतीत जिलेटिनमध्ये धरून ठेवलेले रंगद्रव्यच प्रतिमा घडवीत असल्याने ती टिकाऊ ठरते.

मंडळाच्या नावातील ‘अवशेष’ हा शब्द मात्र निरुपद्रवी नाही. स्मिथफील्डचे सेंट बार्थोलोम्यू चर्च, विच स्ट्रीटवरील जुनी घरे यांना या संग्रहात स्थान मिळाले. त्याच काळात नव्याने बांधला गेलेला, रोज गजबजणारा कोपऱ्यावरचा पब ‘अवशेष’ नसल्याने निवडीच्या बाहेर राहिला. सुदैवाने भिंगाला हा भेद कळत नाही. जुन्या घराबरोबर त्याच्या तळमजल्यावरील दुकानाची पाटीही चित्रात येते आणि भाषेच्या अभ्यासकास तीच अधिक मोलाची असते. उलट, उद्‌भासनास त्या काळी वेळ लागत असल्यामुळे चालता मनुष्य पुसट उमटे किंवा मुळीच उमटत नसे. पाटी राहिली, ती वाचणारा गेला!

बोलीविज्ञानाला हा दोष अपरिचित नाही. हॅरल्ड ऑर्टन आणि ऑयगेन डीट यांच्या योजनेनुसार झालेल्या इंग्लंडच्या बोली-सर्वेक्षणात (1950–1961) 313 ठिकाणे निवडली गेली. ती मुख्यतः ग्रामीण होती, आणि माहितगार बहुधा वयस्क पुरुष होते. बोलीचा जुना थर हाती लागावा हा हेतू असल्याने ही निवड गैर म्हणता येणार नाही. पण त्या सामग्रीवरून ‘इंग्लंडमधील लोक असे बोलत’ असे विधान करणे म्हणजे सोसायटीची 120 चित्रे पाहून ‘लंडन असे होते’ असे म्हणण्यासारखेच आहे.

पुढील प्रयत्नांतही निवडीचा प्रश्न सुटला नाही. तो केवळ सरकत गेला. सर बेंजामिन स्टोन यांच्या राष्ट्रीय छायाचित्र नोंद मंडळाने (1897–1910) इमारतींबरोबर लोकांचे सण आणि रूढीही टिपल्या. युद्धातील बॉम्बवर्षावामुळे 1941 मध्ये राष्ट्रीय वास्तुनोंद कार्यालय कामाला लागले. तेथेही विनाशाचे भय हीच प्रेरणा होती.

2005 मध्ये सुरू झालेल्या ‘जिओग्राफ’ प्रकल्पाने मात्र निकषच बदलला. ब्रिटन व आयर्लंडच्या नकाशावरील प्रत्येक चौरस किलोमीटरचे प्रातिनिधिक चित्र, हे त्याचे सूत्र आहे. येथे वस्तू तिच्या वयामुळे नव्हे, तर ती त्या जागी आहे एवढ्याचमुळे नोंदली जाते. साधा पब, बसथांबा, डाकपेटी, सर्व काही. चित्राबरोबर दिनांक आणि स्थान दिले जात असल्याने, पबचे नाव बदलले तर ते कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान बदलले हे ताडून पाहता येते. तथापि ओसाड माळाचा एक चौरस आणि शेकडो गल्ल्यांचा, असंख्य पाट्यांचा लंडनमधील एक चौरस या जाळ्यात समान गणले जातात. दाट वस्तीत पहिल्या चित्रानंतर किती चित्रे जमतील, हे तेथून कॅमेरा घेऊन किती जण चालतात यावर अवलंबून राहते.