वेगळा विदर्भ झालाच, तर केंद्र पैसे देईल का?

अमरावती-अकोल्यात वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की प्रश्न येतो, राज्य चालवायला पैसा कुठून आणणार? त्यावर उत्तरही ठरलेलं, केंद्र देईल की!

पण खरंच देतं का? आंध्रचं उदाहरण बघा.

2014 ला तेलंगणा वेगळं झालं आणि हैदराबाद तिकडे गेलं. आंध्रला 5 वर्षं विशेष दर्जा मिळेल, असं तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग राज्यसभेत म्हणाले. पण पुनर्रचना कायद्यात ते आलंच नाही. पुढं सरकार बदललं आणि दर्जा राहून गेला. 2016 ला त्याऐवजी विशेष मदत जाहीर झाली, तरी वाद मिटला नाही. 2018 ला याच मुद्द्यावर चंद्राबाबूंचा तेलुगू देसम एनडीएतून बाहेर पडला.

नव्या राजधानीसाठी मदत मात्र कायद्यात होती, कलम 94 मध्ये. फक्त रक्कम लिहिलेली नव्हती. आंध्रच्या अमरावतीसाठी 15 हजार कोटींची घोषणा झाली थेट 2024 च्या बजेटमध्ये. तेव्हा केंद्रातलं सरकार चंद्राबाबूंच्या खासदारांच्या पाठिंब्यावर उभं होतं.

मग नव्या राज्याला हक्काचं काय मिळतं? वित्त आयोगानं ठरवलेला केंद्रीय करांमधला वाटा. तो सगळ्याच राज्यांना मिळतो. त्यावरचं बरंचसं वाटाघाटीवर.

आश्वासनांचा अनुभव विदर्भालाही आहे. 1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं वचन होतं. ते पाळलं नाही, ही तक्रार आजही आहे.

त्यामुळे उद्या कुणी 'केंद्र देईल' म्हणालं, तर एवढंच विचारा: किती, कधीपर्यंत आणि कायद्यात कुठं लिहिलंय?