कोरी जागा खरंच वाया जाते का?

“जागा वाया जातेय, तिथे काहीतरी टाका.” लग्नपत्रिका असो, मंडळाचा अहवाल असो, नाहीतर दिवाळी अंकातली जाहिरात, हे वाक्य ऐकल्याशिवाय छपाई पार पडत नाही. या वेळी निमित्त तिरुवैयारूचं. तंजावरजवळच्या या गावी, कावेरीकाठी, पौष वद्य पंचमीला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. त्यात सूर मिसळू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी त्या पाच कृतींची स्वरलिपीसह देवनागरी पुस्तिका करायची होती. मांडणीचा नमुना पाहताच सूचना आली: समास कमी करा, ओळी जवळ घ्या, सगळं सव्वीस पानांत बसेल, दोन पानांचा खर्च वाचेल.

वाचणार नाही. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येतात. सव्वीस पानांचा मजकूर अठ्ठावीस पानांच्या पुस्तिकेतच जातो आणि उरलेली दोन पानं शेवटी कोरी राहतात. म्हणजे आतला मजकूर गुदमरवून जी जागा मिळवली, ती कुणाच्याही उपयोगाची नाही.

पण पैशांचा मुद्दा सोडा. ज्यानं हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडेकृत क्रमिक पुस्तकातून एखादी बंदिश बसवली आहे, त्याला तरी हे समजावं लागू नये. वर स्वर, खाली शब्द, आणि प्रत्येक स्वराच्या बरोबर खाली त्याचं अक्षर. कर्नाटक संगीताच्या छापील स्वरलिपीतही बहुधा हाच क्रम असतो. पंचरत्नं सगळी आदि तालात आहेत. त्याचं आवर्तन आठ मात्रांचं, चार-दोन-दोन असं विभागलेलं. हे विभाग पानावर एकाखाली एक आले, तर ताल डोळ्यांना दिसतो. दोन स्वरांमधलं अंतर इथे वेळ दाखवतं. ते मनाला येईल तसं आवळलं की शब्द स्वराखालून सरकतो आणि गाणारा चुकतो.

ओळी जवळ घेण्याचा परिणाम तर आणखी वाईट. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाचं टिंब स्वराच्या खाली येतं. खालची शब्दांची ओळ वर सरकवली की तेच टिंब शब्दावरचा अनुस्वार होऊन बसतं. रोमन लिपीसाठी ठरलेलं ओळींचं अंतर संगणकातून जसंच्या तसं उचलणाऱ्यांनी हे एकदा डोळे उघडून पाहावं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार, ऋकार. तिला जास्त अंतर लागतं. ही चैन नाही, लिपीची घडणच तशी आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “आपल्या पोथ्यांत कुठे होती मोकळी जागा?” होती की! तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांचा मोठा संग्रह आहे. ताडपत्राची उंची जेमतेम बोटभर, त्यामुळे अक्षरं दाटीनं बसवावी लागत. तरीही दोरी ओवायच्या भोकाभोवती जागा राखलेली असते, कारण दोरीच्या घर्षणानं अक्षरं झिजतात. कागदी पोथीत डावी-उजवीकडे तांबड्या रेघा आखून समास सोडलेला दिसतो. महाग कागदावर लिहिणारे आपले पूर्वज उधळे होते असं कुणाला म्हणायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

युरोपातही तेच. यान चिखोल्ड या अक्षरजुळणीकारानं मध्ययुगीन हस्तलिखितांची मापं तपासून १९५३ मध्ये त्यांच्या मांडणीचं सूत्र मांडलं. पान दोनास तीन या प्रमाणाचं, त्याचे उभे-आडवे नऊ-नऊ भाग, आणि मजकुराला दोन्हीकडून सहा-सहा. गुणाकार करा: मजकुराला पानाचा चार नवमांश भाग, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि ही पानं बऱ्याचदा जनावराच्या कातड्याची असत!

पुरावाच हवा असेल, तर अमेरिकेतल्या विचिटा स्टेट विद्यापीठात २००४ मध्ये झालेला एक प्रयोग आहे. समास असलेला मजकूर लोकांनी थोडा सावकाश वाचला, पण त्यांना तो जास्त समजला. प्रयोग छोटा, इंग्रजी मजकुराचा आणि पडद्यावरचा होता. ओळींमधल्या अंतरानं मात्र आकलनात फरक पडला नाही, हेही त्यातच नोंदलं आहे. मोकळ्या जागेच्या भक्तांनी ते लपवू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. “सुवर्ण गुणोत्तराशिवाय मांडणी सुंदर होत नाही”: पार्थेनॉनपासून पिरॅमिडपर्यंतच्या या दंतकथांची झाडाझडती गणिती जॉर्ज मार्कोव्स्की यांनी १९९२ मध्येच घेतली आहे, आणि आपण रोज वापरतो तो ए-फोर कागद १ : १.४१४ आहे, सुवर्ण गुणोत्तराचा १ : १.६१८ नव्हे. “महत्त्वाचं सगळं ठळक करा”: सगळंच ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही. “अधोरेखित केलं की उठून दिसतं”: देवनागरीत ती रेघ उकारांवरून जाते. “दोन्ही कडा सरळ म्हणजे नीटनेटकं”: अरुंद रकान्यात शब्दांमध्ये खिंडारं पडतात. “सगळं मध्यभागी घ्या”: चार ओळींच्या निमंत्रणाला ठीक आहे, पण चार पानांच्या कृतीत प्रत्येक ओळीची सुरुवात नव्यानं शोधावी लागते.

आणि पुस्तिकेबद्दल शेवटची तक्रार होती, ती अशी: एक चरण पानाच्या मध्यावरच संपतो आणि खाली अर्धं पान रिकामं राहतं, तर पुढचा चरण तिथेच का सुरू करत नाही? कारण तो तिथे सुरू केला तर मध्येच पान उलटावं लागेल. मांडीवर पुस्तिका, एका हातानं ताल, आणि भोवती सगळे पुढचा शब्द गाऊ लागलेले.